केनियाला शिकवायला जाऊ का, बाई?

पत्र: नमस्कार बाई. मी खानापूर तालुक्यातली, वय २५. बेळगावात बी.एड. केलं आणि दोन वर्षं झाली गावाजवळच्या सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून जाते, पहिली ते तिसरी एकत्र बसवून कार्डांवरून शिकवायचा नलीकलीचा वर्ग माझ्याकडे आहे. बाहेरच्या देशात जाऊन गरीब मुलांना शिकवायचं खूप दिवसांपासून मनात आहे. परवा इन्स्टावर एका एजन्सीची जाहिरात बघितली. केनियात किसुमूला चार आठवडे, वस्तीतल्या शाळेत आणि चिल्ड्रन्स होममधे शिकवायचं, राहणं-जेवण त्यांचं, फी पावणेदोन लाख, विमानाचं तिकीट वेगळं. बॅच १२ एप्रिलची आहे, आपल्याला उन्हाळी सुट्टी असते म्हणून मला बरं पडतं. आजीनं दिलेल्या पाटल्या मोडल्या तर पैसे होतील. आई म्हणते इथं गरीब पोरं नाहीत काय, शिवाय एक स्थळ पण आलंय. पप्पा काहीच बोलत नाहीत. जाऊ का नको?

उत्तर:

अगं पोरी, तुझं पत्र वाचून मी आधी कॅलेंडर काढलं. बाईचं डोकं आहे, शाळा म्हटलं की पहिल्यांदा सुट्ट्याच बघते. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन टर्म असतात, पहिली संपली की एप्रिलमधे सुट्टी आणि दुसरी संपली की ऑगस्टमधे सुट्टी. म्हणजे तुझी बॅच १२ एप्रिलला तिथं उतरणार तेव्हा शाळेला कुलूप. एप्रिलच्या शेवटी नाहीतर मे लागता लागता शाळा उघडणार, पोरं वर्गात स्थिरस्थावर होईपर्यंत तुझी परतीची बॅग भरायची वेळ. मग ते पावणेदोन लाख घेऊन तुला शिकवायला लावणार तरी कुणाला? एजन्सीला हे माहीत नसेल तर ते तिथल्या शाळेशी कधी बोललेलेच नाहीत, आणि माहीत असून बॅच ठेवली असेल तर त्यांनी सुट्टी बघितली ती तुझी, पोरांची कुणी बघितलीच नाही.

तर या बॅचला जाऊ नको. पाटल्या कपाटातच राहू देत. पण केनियाला जाऊच नको असं मी म्हणत नाहीये, ते पुढं सांगते, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी माझी एक फजिती ऐक. १९८७ ची गोष्ट. मी नवीन नवीन, घर बेळगावच्या शहापुरात, शिक्षण सगळं मराठीतून, कन्नड येत होती ती भाजीवालीशी दर करण्यापुरती. आणि नोकरी लागली सौंदत्तीकडच्या एका गावात, खासगी शाळेत, गणित शिकवायला. मी म्हटलं गणिताला काय भाषा लागते की, आकडे ते आकडे. ओंदु एरडु मूरु करत शंभरापर्यंत पाठ केले आणि गेले. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी फळ्यावर पाच गणितं घातली, पोरं सोडवायला लागली, तेवढ्यात मागच्या रांगेतला एक बारका पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "ओंदक्क होगलेन्री?" मला त्यातलं "ओंद" तेवढं कळलं. वाटलं पहिल्या गणिताचं काहीतरी अडलंय. मी फळ्यावरच्या पहिल्या गणिताकडं बोट केलं आणि म्हटलं हां हां, ओंदु, कर कर, बस. तो बसला. परत उठला, परत तेच म्हणाला, मी परत तेच उत्तर दिलं, या खेपेला आवाज चढवून. तिसऱ्यांदा तो उठलाच नाही. शेजारची पोरं सरकून बसली तेव्हा मला दिसलं, त्याची चड्डी भिजली होती आणि खालच्या फरशीवर ओघळ आला होता.

"ओंदक्क" म्हणजे एकीला. आपलं पोर "एकीला जाऊ काय बाई" म्हणतं तेच, अगदी शब्दाला शब्द. भाषा एवढी शेजारची, म्हणायची रीतसुद्धा तीच, मधे बसचा दोन-तीन तासांचा रस्ता, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पोरगा आठवडाभर शाळेला आला नाही. संस्थेनं मला कन्नड येते का विचारलं नव्हतं आणि मी आपण होऊन सांगितलं नव्हतं, आमचं दोघांचं भागलं, भोगलं त्या पोरानं. त्यानंतर सहा महिने मी मधल्या सुट्टीत शिपाईमामांसमोर बसून कन्नड शिकले, ते हसायचे, मी चुकायची, पण शिकले. आज कन्नडमधे भांडूसुद्धा शकते, बसमधे सुट्ट्या पैशांवरून भांडलेय की.

हे तुला सांगायला नको खरं तर. घरी मराठी, तलाठ्याकडचा उतारा कन्नडमधे, मोबाईल इंग्रजीत, आणि पहिलीच्या पोराला तिन्हीकडून ओढाओढ, यात तू वाढलीस आणि आता त्याच वर्गात रोज उभी राहतेस. किसुमूचं चित्र यापेक्षा फार वेगळं नाही. तिथं बऱ्याच घरात लुओ भाषा, बाजारात स्वाहिली, शाळेत पहिल्या तीन यत्तांना सरकारी धोरण म्हणतं की त्या भागातली भाषा वापरा, आणि चौथीपासून सगळं इंग्रजीत. जाहिरातीत "इंग्रजी आलं की झालं" असं लिहिलं असणार, बघ परत वाचून. पहिली-दुसरीच्या पोराला तुझं इंग्रजी म्हणजे माझं "ओंदु" आहे.

स्वाहिली अवघड आहे म्हणून घाबरू नको मात्र. पुस्तकाला किताबु, पेनाला कलामु, हिशेबाला आणि गणिताला हेसाबु, वहीला दफ्तारी, टेबलाला मेजा, साबणाला साबुनी, दुकानाला दुका, आणि चहा-चपाती तर आपलीच. अरबी, फारसी, पोर्तुगीज सगळे समुद्रातून आपल्या किनाऱ्याला आले तसे त्यांच्याही किनाऱ्याला गेले, त्यामुळं अर्धी ओळख आधीच झालेली असते. घड्याळाचं मात्र सांभाळ. स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात, सकाळी सात म्हणजे "सा मोजा", एक वाजला, आणि आठ म्हणजे "सा म्बिली", दोन. मुख्याध्यापकांनी "सा म्बिली"ला ये म्हटलं आणि तू जेवून दुपारी दोनला गेलीस तर पहिल्याच दिवशी शोभा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुझ्या स्वतःच्या पोटाला लागेल. केनियात शिक्षक नाहीत म्हणून तुला बोलवतायत असं तुला वाटत असेल. तिथं ट्रेनिंग झालेले, टीएससी म्हणजे त्यांच्या शिक्षक सेवा आयोगाकडं रीतसर नोंदणी असलेले आणि नेमणुकीची वाट बघत बसलेले शिक्षक ढिगानं आहेत. शाळेत जागा आहे, वर्गात पोरं आहेत, शिक्षक पण आहे, पगार द्यायला पैसा नाही. २०२४ मधे तिथल्या इंटर्न शिक्षकांनी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तुझ्यासारख्यांनीच, आम्हाला कायम करा म्हणून संप केला होता. अतिथी शिक्षक ही जात सगळीकडं सारखीच दिसते. उद्या तुझ्या शाळेत एखादी गोरी मुलगी चार आठवड्यांसाठी आली, तिच्याकडून कुणीतरी लाखभर रुपये घेतले, तुला म्हटलं तू जरा मागं बस आणि तिला पोरांना गाणी शिकवू दे, आणि ती गेल्यावर परत तूच कार्डं मांडत बसलीस, तर तुला काय वाटेल ते मला लिहून पाठव. रागानं लिहिलंस तरी चालेल.

म्हणून त्या एजन्सीला एकच मेल कर. माझ्या फीमधले किती पैसे शाळेला जातात, मी कुठल्या शिक्षकाच्या हाताखाली काम करणार, माझ्या आधीच्या बॅचनं काय शिकवलं याची वही कुठं आहे, आणि मला पोलीस क्लिअरन्स का मागितलं नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. लहान मुलांत सोडायचं माणूस कोण आहे, त्याच्यावर केस आहे का, हे न विचारता जो फक्त फी विचारतो त्याच्यासाठी ती पोरं माल आहेत. आपल्या हेड पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातून अर्ज करून पीसीसी मिळतं, काही अवघड नाही, तरी मागत नाहीत.

आणि ते चिल्ड्रन्स होम. तिकडं बिलकुल पाय ठेवू नको. हे मी कडक सांगते. कंबोडियात अनाथाश्रमांची पाहणी झाली तेव्हा चारातल्या साधारण तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत निघाले. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून पोरं आत ठेवायची, असा तो धंदा बऱ्याच देशांत चालतो. केनिया सरकारनं २०१७ पासून नवीन होमची नोंदणीच थांबवलीय, आणि पोरांना घरच्यांत नाहीतर नातेवाइकांत ठेवायचं धोरण धरलंय. चार आठवडे तू त्या पोरांना कडेवर घेणार, ती तुझ्या गळ्यात पडणार, तू रडत विमानात बसणार, सोमवारी नवीन ताई. अशा दहा-बारा ताया झाल्या की ते पोर कुणाच्याही कडेवर जातं, आणि बघणारे म्हणतात किती प्रेमळ आहेत ही मुलं. रीलमधे पोरांचे चेहरे टाकायचे नाहीत हे तर धरूनच चाल, केनियात २०१९ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पोराचं काहीही वापरायचं तर पालकांची परवानगी लागते. आणि आपल्या शाळेतल्या पोरांचे पण टाकू नको, मी बघितलंय तुमच्या लोकांचं स्टेटस.

मग जायचं कसं? खरं सांगू, तुझ्याकडं तिकडं नेण्यासारखं एक काम आहे आणि पत्रात तू ते एका ओळीत उरकलंयस. नलीकली. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत, प्रत्येक पोर आपापल्या शिडीवर वेगवेगळ्या पायरीवर, कुणी कार्ड घेऊन एकटं बसलंय, कुणी दोघांत, कुणाला बाई हवी, आणि हे सगळं एकटीनं सांभाळायचं, गोंगाटात. हे १९९५ च्या सुमारास मैसूरकडं एच.डी. कोटे तालुक्यात सुरू झालं आणि राज्यभर पसरलं, आपल्या मराठी शाळांत पण आलं. तसंच मुंबईच्या वस्त्यांतून १९९५ मधे उभी राहिलेली प्रथम संस्था. त्यांनी २००५ पासून घरोघर जाऊन असर पाहणी केली, पोराच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा द्यायचा आणि वाचता येतंय का बघायचं, हातच्याची वजाबाकी येतीय का बघायचं, बस. तीच कल्पना २००९ मधे केनिया, टांझानिया, युगांडात "उवेझो" नावानं उचलली गेली. आणि यत्ता बाजूला ठेवून ज्याला जे येतं त्यावरून गट करून शिकवायची प्रथमची पद्धत झांबियातल्या सरकारी शाळांत पोचली. म्हणजे तिकडं आपल्याकडची गोष्ट जाते, पण ती अशी जाते, तिथल्या शिक्षकाच्या हातात. पोरांसमोर उभं राहतो तो तिथलाच शिक्षक.

तर तू केनियाला जाऊन पोरांना ए बी सी डी शिकवू नको, ते तिथली बाई तुझ्यापेक्षा चांगलं शिकवेल. एखाद्या तिथल्या बाईबरोबर वर्षभर बसून तीन यत्तांचा वर्ग कसा चालवायचा, कार्डं स्वस्तात कशी करायची, खोक्यांच्या पुठ्ठ्यावर कशी चिकटवायची, कुठलं पोर कुठल्या पायरीवर अडलंय याची नोंद कशी ठेवायची, हे करशील तर तू परत आलीस तरी वर्ग चालू राहील. तिच्याकडून तू पण चार गोष्टी शिकून येशील, तिच्या वर्गात पोरं तुझ्या वर्गाहून जास्तच असणार.

वर्षभर म्हणाले ते मुद्दाम. अमेरिकेच्या सरकारचं पीस कॉर्प्स १९६१ पासून परदेशात स्वयंसेवक पाठवतं, १९७६ पर्यंत आपल्याकडं पण त्यांचे लोक होते, त्यांचा बॉण्ड २७ महिन्यांचा असतो आणि त्यातले पहिले तीनेक महिने गावातल्या एखाद्या कुटुंबात राहून नुसती भाषा आणि ट्रेनिंग. ते अमेरिकन नागरिकांनाच घेतात, तुला उपयोग नाही, पण माप म्हणून लक्षात ठेव. आपल्याला चालतं ते संयुक्त राष्ट्रांचं युएन व्हॉलंटिअर्स, १९७० मधे सुरू झालेलं, ऑफिस जर्मनीत बॉनला. ते राहण्या-खाण्याचा भत्ता देतात आणि अर्जाला एक रुपया घेत नाहीत, जो कुणी त्यांच्या नावानं फी मागेल तो चोर समज. अनुभव मागतात, आणि लगेच नंबर लागेल असं नाही. तोपर्यंत त्यांचं ऑनलाइन व्हॉलंटिअरिंग असतं, घरी बसून एखाद्या संस्थेला शिकवायचं साहित्य करून द्यायचं वगैरे, ते सुरू कर, नेटवर्क असेल तेव्हा. तुमच्या जांबोटी भागात झाडावर चढून रेंज धरतात हे मला माहीत आहे.

एक अडचण मोकळेपणानं सांगते. अतिथी शिक्षकाची नेमणूक वर्षाची. तू वर्ष बाहेर गेलीस तर जूनमधे ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल आणि परत आल्यावर तुझ्यासाठी राखून ठेवलेली नसेल. टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा, झाली नसेल तर आधी ती काढ. यावर माझ्याकडं गोड उत्तर नाही.

आता आई. "इथं गरीब पोरं नाहीत काय" हा प्रश्न मी चाळीस वर्षं ऐकतेय, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी इथल्या पोरांसाठी पण काडी हलवलेली नसते. तुझ्या आईला मी त्यात धरत नाही, तिला पोरगी लांब जायची भीती वाटतीय, ती ते असं बोलून दाखवते. तिला जाहिरात दाखवू नको, नकाशा दाखव. किसुमूपर्यंत रेल्वे पोचली १९०१ मधे, ती बांधायला आपल्याकडचे हजारो मजूर गेले होते, त्यांच्या मागोमाग दुकानदार गेले, देवळं झाली, गुरुद्वारे झाले, आणि २०१७ मधे केनियानं भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. आणि काळ्या लोकांची भीती कुणी घातली असेल तर सांग, लोंढ्याच्या पलीकडं हल्याळ-यल्लापूरला जा, तिथले सिद्दी आफ्रिकेतूनच आणलेल्यांचे वंशज, कोंकणी बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या आपले शेजारी आहेत.

स्थळाचं तू दोन शब्दांत लिहिलंस म्हणून मी पण दोनच शब्दांत लिहिते. विचारून बघ. पुढच्या वर्षी मी वर्षभर बाहेर जाणार आहे म्हणून सांग, त्या पोराचा चेहरा कसा होतो ते बघ, तुझं तुला कळेल. आणि पप्पांना एकटं गाठून विचार, काही न बोलणारी माणसं बऱ्याचदा पैशाचा हिशेब करत बसलेली असतात.

कागदपत्रांचं भराभर सांगते. केनियाला २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) घ्यावा लागतो, पण तो फिरायला जाणाऱ्याचा, बिनपगारी शिकवायचं असलं तरी वेगळं परमिट किंवा स्पेशल पास लागतो, एजन्सी म्हणाली "टुरिस्टवर चालतंय की" तर पकडली गेलीस तर तू जाणार, ती नाही. यलो फिव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, पिवळं कार्ड जपून ठेव, नाहीतर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतील. किसुमू तळ्याकाठचं आहे, व्हिक्टोरियाच्या, मलेरिया भरपूर, गोळ्या डॉक्टरांना विचारून. जेवायला उगाली मिळेल, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकुमा विकी म्हणून पालेभाजी, भाकरी-भाजीवाल्याला काही जड नाही. तळ्यातली ओमेना म्हणून बारीक सुकी मासळी असते, खात असशील तर सुकटीची आठवण येईल.

या सुट्टीत काय करायचं म्हणशील तर मी दोन कामं देते. एक, रोज अर्धा तास स्वाहिली, फोनवर फुकट शिकता येते. दुसरं, तुझ्या नलीकलीच्या वर्गात गेल्या दोन वर्षांत काय चाललं आणि काय फसलं ते एका दोनशे पानी वहीत लिहून काढ, फसलेलं जास्त लिही. अर्ज करशील तेव्हा सर्टिफिकेटांच्या आधी ती वही काढ.

आणि स्वाहिली शिकताना "जांबो" आणि "हाकुना मटाटा" आधी शिकू नको, ते टुरिस्ट शिकतात. आधी हे पाठ कर: "नाओंबा क्वेंदा चोओनी." बाई, संडासला जाऊ का. लहान पोरं ते घरच्या भाषेत, लुओमधेच म्हणणार, ते कसं म्हणतात मला येत नाही, तुला कुणाकडून कळलं तर मला पण कळव.

तुझी,
बाई